डांबर बँड, माले मुक्काम आणि माझी बावीस मिनिटं

तीन दिवस माझं चष्म्याचं दुकान बंद राहिलं, तर कराडात बातमी फिरली की माझी अँजिओप्लास्टी झाली. सोमवारी शटर वर केलं तर शेजारचा औषधवाला शहाळं घेऊन दारात उभा. "अरे बाबा, मी मुळशीला गेलो होतो, गाणं ऐकायला," म्हटलं, तर गडी चक्क हिरमुसला. तेव्हापासून डोळ्यांचा नंबर काढायला येणारा प्रत्येक जण आधी मुळशीचं विचारतो. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच काढतोय. ज्यांना एवढं वाचायचं नसेल त्यांनी चष्मा घ्यावा आणि गुमान घरी जावं.

आधी डांबरविषयी सांगायला पाहिजे. डांबर हा पाच जणांचा मराठी रॉक बँड. तुम्ही नाव ऐकलं नसेल, फार जणांनी ऐकलेलं नाही. मी एकोणीस वर्षांचा असताना कोल्हापुरात एका कॉलेजच्या मैदानावर त्यांना पहिल्यांदा ऐकलं. गिटार, ड्रम, कानठळ्या, सगळं होतं आणि शब्द मात्र आपल्या घरातले. तोवर माझी समजूत अशी, की असल्या गाण्याला इंग्रजी यावं लागतं. शेवटी त्यांनी 'घाटमाथा' म्हटलं. त्या गाण्याच्या शेवटच्या ओळीत एक लांबलचक 'हो' आहे. तो चढतो, चढतच राहतो, आता फुटतोय असं वाटतं आणि तेवढ्यात आणखी एक पायरी चढतो. त्या 'हो'नं माझ्या अंगावर काटा आला. याला चौतीस वर्षं झाली. नुसतं लिहितानाही आत्ता पुन्हा आलाय.

त्यानंतर मी डांबरचे चार कार्यक्रम ऐकले आणि चारही साफ पडले. सोलापुरात कीबोर्डवाल्याची गाडी चुकली आणि गायक, म्हणजे आमचा अरूदादा, गळ्याला मफलर गुंडाळून आला. त्यानं 'घाटमाथा' गाळलंच. पुण्यात नाट्यगृहात गिटारवाल्याचं आणि अरूदादाचं भर स्टेजवर वाजलं. गिटारवाला तरातरा निघून गेला. उरलेला तासभर अरूदादानं नुसत्या टाळीवर गाणी म्हटली. नाशकात ड्रमर शिरीषच्या मनगटाला प्लास्टर. आणि चौथा कार्यक्रम पिंपरीतल्या एका मॉलमध्ये, लकी ड्रॉच्या दोन सोडतींच्या मधे कोंबलेला. तिथं 'घाटमाथा' झालं. 'हो' अगदी ओठांवर आला आणि लाउडस्पीकरवरून घोषणा झाली, की पांढऱ्या गाडीच्या मालकानं ताबडतोब पार्किंगमध्ये यावं!

तरी त्यांना कुणी नावं ठेवली तर माझं डोकं सटकतं. का ते सांगतो. शिरीषनं नाशकात एका हातानं दोन तास वाजवलं आणि कार्यक्रम रद्द करू दिला नाही. पुण्यात अरूदादानं गिटारवाल्याबद्दल माईकवरून एक वाकडा शब्द काढला नाही. "त्याचं बरोबर आहे, माझंच चुकलं," म्हणाला आणि टाळी धरली. मॉलमध्ये समोर बारा माणसं होती, त्यातली दोन आइस्क्रीम संपेपर्यंत टेकलेली, आणि हे पाच जण मैदानभर गर्दी असल्यासारखे घामाघूम झालेले. मोठे कलाकार कोणाला म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी माझ्यापुरतं ठरवलंय.

माझी मुलगी सायली हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. या चारपैकी दोन कार्यक्रमांना ती माझ्याबरोबर होती. सोलापूरला नऊ वर्षांची, माझ्या खांद्यावर झोपलेली, आणि मॉलमध्ये सतरा वर्षांची, ओळख नसल्यासारखी चार पावलं लांब उभी. मध्यंतरी फोनवर डांबरचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, रागावू नका. पण ते लोक कधी चांगले नव्हतेच. तुम्ही एकोणीस वर्षांचे होता, एवढंच."

मी फोन ठेवला. रागावलो नाही, पण ते वाक्य मला लागलं. जेवताना आठवायचं, लेन्स पुसताना आठवायचं. कारण खरं सांगतो, शंका मलाही होती. चार वेळा शोधायला गेलो आणि चार वेळा तो 'हो' सापडला नाही, तर माणसाला वाटणारच, की तो होता कधी?

अशात आमच्या 'डांबरप्रेमी' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बबनराव म्हणून मुळशीतल्या मालेचे एक सभासद आहेत, त्यांचं आमंत्रण आलं. बबनराव शेतकरी. कॉलेजला पुण्यात होते तेव्हापासून डांबरचे भक्त. आता भाताच्या खाचरांशेजारी चार खोल्या बांधून कृषी पर्यटन चालवतात. त्याच्या वर्धापनदिनाला त्यांनी डांबरला बोलावलं होतं. वय पाहता हा शेवटचाच कार्यक्रम असं ग्रुपवर जो तो म्हणत होता. मी सायलीला फोन केला. म्हटलं, एकदाच ये. तो 'हो' एकदा कानांनी ऐक आणि मग काय म्हणायचं ते म्हण. ती "बरं" म्हणाली. मला वाटतं तिला माझी कीव आली असावी.

शनिवार सकाळ, हिंजवडीहून पौडला

शुक्रवारी मुक्काम सायलीच्या फ्लॅटवर, चौदाव्या मजल्यावर. सकाळी गॅलरीत उभा राहिलो तर खाली कंपन्यांच्या गाड्यांची रांग, शनिवार असूनही. शेजारी कोण राहतं विचारलं तर म्हणाली, "बहुतेक नागपूरचे आहेत." बहुतेक! आमच्या गल्लीत शेजाऱ्याच्या चष्म्याचा नंबर मला पाठ असतो.

माणच्या पुढे इमारती संपतात आणि घोटावड्याकडे गाडी वळली की हवा बदलते. फेब्रुवारीचे दिवस, डोंगर वाळल्या गवतानं पिवळे झालेले, मधूनच पळस पेटलेला. खाचरांमधून धूर निघत होता. मला वाटलं आग लागली. सायलीला गाडी थांबवायला लावून मी रस्त्याकडेच्या एका बाईंना ओरडून सांगितलं, तर त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. "आग न्हाई ओ, राब भाजतुया आमी," म्हणाल्या. पुढच्या भाताची रोपं जिथं करायची तो जमिनीचा तुकडा शेण, पाला, गवत पसरून भाजून घेतात. आमच्याकडं या दिवसांत ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी रस्ते अडलेले असतात. इथं माणसं शांतपणे जमीन भाजत बसलेली. सायली पोट धरधरून हसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली म्हणून मीही मनावर घेतलं नाही.

पौडच्या बाजारात रस्ता विचारायला एका दुकानापाशी थांबलो. मंडप, भांडी, स्पीकर भाड्यानं मिळतील अशी पाटी. एक दाढीवाले गृहस्थ टेम्पोत भलेमोठे स्पीकर चढवत होते. मी कराडहून आलोय असं सांगून डांबरच्या कार्यक्रमाचं विचारलं.

"तितंच तर चाललोय. या माझ्या मागनं," ते म्हणाले. हे रफिकभाई. तीन पिढ्या पौडात दुकान. आधी बत्त्या आणि सतरंज्या, आता हे. "तुमी कराडवरनं आलाय ह्यांचं गानं ऐकाया?"

"हो. तुम्ही ऐकलंय का?"

"आदल्या साली एका लग्नात ऐकलं की. गानं काय मला कळलं न्हाई. पन मानसं लई चांगली. वायरी गुंडाळाया हात लावला त्यांनी. पंचवीस वर्षं धंदा करतोय, वायरीला हात लावनारा गायक पयल्यांदा बगितला."

मी सायलीकडे बघितलं. ती फोनकडे बघत होती.

माले, शनिवार दुपार ते संध्याकाळ

बबनरावांचं शेत म्हणजे डोंगराच्या कुशीतून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी खाचरं आणि खाली धरणाचं पाणी. पाणी ओसरलेलं, काठाला तांबड्या मातीचा पट्टा. आमच्या कृष्णाकाठी जमीन बघाल तिकडं सपाट. इथं बैलसुद्धा जपून पाऊल टाकतो. बबनराव स्वतः आडदांड, बोलणं खणखणीत, अंगावर 'डांबर'चा काळा टी-शर्ट पोटावर ताणलेला. मला मिठीच मारली. "विलासराव! आलात! लई बरं वाटलं!"

जेवायला बसलो आणि माझी पहिली निराशा झाली. मुळशीत आलो म्हणजे गावठी कोंबडीचा रस्सा मिळणार, असं मी कराडहून मनात बांधून आलो होतो. ताटात पावट्याची उसळ, नाचणीची भाकरी, ठेचा. गावात सप्ताह बसला होता. सात दिवस गावात कुणाच्याही चुलीवर मांसमच्छी शिजत नाही, पाहुणा असो की सरपंच असो. पण मग भात आला. आंबेमोहोर. वाफ अशी दरवळली की मी कोंबडीला माफ केलं. तीनदा भात घेतला. सायलीनं पायानं मला डिवचलं, तरी चौथ्यांदा थोडा घेतला.

सप्ताहाची आणखी एक गोष्ट बबनरावांनी जेवतानाच सांगितली आणि ती नीट लक्षात ठेवा, मी ठेवली नाही. संध्याकाळी सातला देवळात हरिपाठ सुरू झाला की गावात दुसरा कुठलाही स्पीकर वाजत नाही. कुठं लिहिलेलं नाही, कुणी दंड करत नाही. वाजत नाही म्हणजे नाही. त्यात देवळातला नेहमीचा माईक आदल्या दिवशी जळाला होता. तेव्हा रफिकभाईंचं जे सामान आमच्या स्टेजवर, तेच पावणेसातला उचलून देवळात जाणार होतं. कार्यक्रम चारला सुरू, साडेसहाला 'घाटमाथा', मग आवराआवर. हिशेब अगदी चोख होता.

फक्त त्यात सत्कार धरलेले नव्हते.

आपल्याकडं सत्काराशिवाय काही सुरू होतं का? प्रमुख पाहुणे पाचला आले. मग माजी सरपंच, आजी सरपंच, पोलीस पाटील, डेअरीचे अध्यक्ष, शाळेचे गुरुजी. प्रत्येकाला शाल, नारळ, फेटा. सत्कार घेणारा खाली बसायच्या आत सत्कार करणाऱ्याचा सत्कार. समोर सतरंज्यांवर गावातली साठेक माणसं, मागं खुर्च्यांवर शनिवार-रविवार घालवायला आलेली हाफचड्डीतली हिंजवडीची पोरं-पोरी आणि एका कडेला आम्ही 'डांबरप्रेमी' ग्रुपचे अकरा जण, केस पांढरे, टी-शर्ट काळे. मग डांबरच्या पाचही जणांना फेटे बांधले.

आता फेटा बांधल्यावर मान राखायचा म्हणून तो कार्यक्रमभर काढायचा नाही, असं या भल्या माणसांना कुणीतरी सांगितलेलं. शिरीषचा फेटा कानांवर घट्ट बसलेला, त्याला स्वतःचे ड्रमच धड ऐकू येईनात. दुसऱ्या गाण्यात फेटा डोळ्यांवर आला. शिरीष मान मागं टाकून, आढ्याकडं बघत वाजवत राहिला. वाजवायचं थांबला नाही. लय मात्र सुटली ती सुटलीच. अरूदादा तिसऱ्या गाण्यात दुसरं कडवं विसरला. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई मोठ्यानं म्हणाल्या, "दमला का काय, पानी द्या रं त्याला!" अरूदादा खाली उतरला, त्यांच्याच तांब्यातलं पाणी प्यायला, पाया पडला आणि पुन्हा वर जाऊन तिथूनच गाणं उचललं. आवाज आता खाली आलाय, खरखरतो. पण त्या उचललेल्या ओळीत, अर्धं मिनिटभरच, तो असा काही लागला की हाफचड्डीवाली पोरंसुद्धा बोलायची थांबली. मी सायलीचा दंड धरला. "ऐक," म्हटलं. "ऐकतेय," ती म्हणाली.

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पुढचं गाणं 'घाटमाथा'. गिटारवाला तारा जुळवत होता. एवढ्यात बबनरावांनी माईक घेतला.

"एक सत्कार ऱ्हायला! डांबरचे सगळ्यात जुने चाहते, पार कराडहून आपल्या लेकीला घेऊन आलेले आमचे विलासराव!"

मी मानेनंच नको नको म्हणत होतो. देवाशप्पथ. पण हात धरून वर नेलं, शाल आली, नारळ आला, फेटा बांधला आणि बबनराव म्हणाले, "दोन शब्द बोला." शेजारी अरूदादा उभा. चौतीस वर्षांत इतक्या जवळून पहिल्यांदा. मी माईक हातात घेतला.

आणि बोललो.

कोल्हापूरचं मैदान सांगितलं. मग म्हटलं, पुढचंही सांगावं, त्याशिवाय यांची थोरवी कळायची नाही. सोलापूर सांगितलं, मफलर सांगितला. पुण्याचं भांडण सांगितलं. लोक हसायला लागले. गिटारवाला तर डोळे पुसत होता. मला चेव चढला. नाशिकचं प्लास्टर, मॉलची पांढरी गाडी, घोषणेची नक्कलसुद्धा केली. टाळ्या पडल्या. आयुष्यभर लोकांना "एक बरं दिसतंय का दोन?" एवढंच विचारत आलेला माणूस मी, मला टाळ्या कुठं माहीत? सायली खालून हात हलवत होती. मला वाटलं, कौतुक करतेय. मग मी 'घाटमाथा'कडं वळलो. तो 'हो' म्हणजे काय चीज आहे, हे गावकऱ्यांना नीट समजावून सांगितलं, पायरीपायरीनं.

"सायेब," रफिकभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "माईक सोडा. देवळात न्यायचाय."

मी घड्याळ बघितलं, पावणेसात. सायलीच्या फोनमध्ये सगळं रेकॉर्ड झालंय. बावीस मिनिटं. अधिक उणं नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "एकच गाणं," मी म्हटलं. "रफिकभाई, एकच." त्यांनी नुसता हात पुढं केला. बबनरावही मान खाली घालून उभे. कोणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. अरूदादानं माझ्या हातातून माईक काढला, रफिकभाईंना दिला आणि म्हणाला, "चला, मी एक पेटी धरतो."

चढावर टेम्पो जात नव्हता. साठीतले पाच रॉकवाले, डोक्याला फेटे, देवळापर्यंत स्पीकर वाहून नेत होते. मी मागं फक्त माझा नारळ घेऊन. देवळात वायरी जोडून झाल्या, सातच्या ठोक्याला टाळ वाजले आणि हे पाचही जण मागच्या भिंतीला टेकून बसले. शिरीष मांडीवर ताल धरत होता आणि आता त्याचा ताल कुठंही चुकत नव्हता. मला त्यांच्याकडं बघवेना. आपण ज्यांच्यासाठी जीव टाकतो त्यांचा शेवटचा कार्यक्रम आपणच पाडला, हे गिळायला अवघड असतं हो. सायली शेजारी होती. तिनं फक्त माझ्या डोक्यावरचा वाकडा झालेला फेटा सरळ केला.

रविवार, पाण्याच्या काठी

सकाळी चहाच्या आधीच मी अरूदादाची माफी मागायला गेलो. तो काठावर एका दगडावर बसला होता, अंगावर कालचीच शाल. पाण्यावर धुकं. सायलीही माझ्या मागून आली. मी नको म्हटलं तरी आली.

"दादा, माझ्यामुळं 'घाटमाथा' राहिलं. मला माफ करा," मी म्हटलं.

"अहो, उपकार केलेत," तो म्हणाला. "मी आतून घाबरलो होतो. तो 'हो' आता लागत नाही मला. कसं निभवायचं याचाच विचार करत होतो आणि तुम्ही बोलतच राहिलात. मनातल्या मनात म्हणत होतो, अजून बोला." तो हसला. "आणि तुम्ही ते चारी कार्यक्रम सांगितलेत. मला वाटायचं, ते फक्त आम्हालाच आठवतात."

"पण कोल्हापूर!" मी म्हटलं. "कोल्हापूरला तुम्ही जे गायलात, तेवढं पुरे आहे मला."

अरूदादानं शाल अंगाभोवती ओढून घेतली. "कोल्हापूर आमचा सगळ्यात वाईट कार्यक्रम," म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"एकशे दोन ताप होता. आवाज दुसऱ्याच गाण्यात बसला. 'घाटमाथा'चं शेवटचं कडवं आलं आणि घशातून नुसती हवा निघाली. मग मी माईक समोर फिरवला, पोरांकडं. तुम्हीच म्हटलंत ते. सगळ्या मैदानानं म्हटलं. आमच्या कॅसेटमध्ये तो 'हो' माझा आहे, सतरा वेळा घेऊन एकदा लागलेला. मैदानावरचा माझा नव्हता. स्टेजमागं जाऊन रडलो होतो मी."

"पण मी ऐकलाय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"ऐकलाच असणार. मीही ऐकला. तसा परत कधी ऐकला नाही. म्हणून तर अजून गातोय."

मी सायलीकडं बघायचं टाळलं. झालं, तिचंच खरं ठरलं. ते चांगले नव्हतेच, खुद्द अरूदादानं सही करून दिलं. मला वाटलं, आता ती म्हणणार, "बघा पप्पा." पण ती पुढं झाली आणि अरूदादाला म्हणाली, "काका, जेवढं येतं तेवढं म्हणाल?"

त्यानं म्हटलं. साधं, बोलल्यासारखं, पाण्याकडं तोंड करून. शेवटच्या ओळीपर्यंत आला आणि 'हो'च्या आधी थांबला. "इथून पुढं माझा घसा येत नाही," म्हणाला आणि उठून चहा प्यायला गेला. त्याची शाल मागं लोंबत होती, ती सायलीनं उचलून त्याच्या खांद्यावर टाकली.

परतताना

निघताना बबनरावांच्या घरच्यांनी आंबेमोहोराची पिशवी दिली. पौडला रफिकभाईंच्या दुकानापाशी थांबलो. ते म्हणाले, "सायेब, बोलता झकास. पुढच्या वक्ताला घड्याळ लावून बोला." मी हात जोडले.

पिरंगुटच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. रविवार दुपार, सगळं पुणं धरण बघून परत निघालेलं. पुढं कंटेनर, बाजूला बस, मागं हॉर्न. सायलीनं गाडी बंद केली.

"पप्पा, त्या मैदानावर किती जण होते?"

"हजारभर असतील."

"आणि तुम्ही म्हणत होता? तो 'हो'? तुम्ही स्वतः?"

मी आठवून बघितलं. चौतीस वर्षांत हे मी एकदाही आठवलं नव्हतं. माझं तोंड उघडं होतं. मान वर होती. शेजारच्या अनोळखी पोराच्या खांद्यावर माझा हात होता आणि त्यानंतर दोन दिवस मला बोलता येत नव्हतं, आईनं हळद-दूध दिलं होतं.

"म्हणत होतो," मी म्हटलं. "हो. मीच म्हणत होतो."

"मग म्हणा."

"इथं?"

"काचा बंद आहेत. म्हणा."

मी घसा साफ केला. शेवटची ओळ धरली आणि 'हो' लावला. पहिली पायरी चढलो. दुसरीवर आवाज चिरकला. तिसरीवर खोकला आला. शेजारच्या बसच्या खिडकीतून एक माणूस वाकून बघायला लागला. सायली स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती, हसता हसता डोळे पुसत होती.

"काय हो पप्पा! फारच वाईट," ती म्हणाली. पुढचा कंटेनर हलला तरी तिनं गाडी सुरू केली नाही. "परत एकदा म्हणा. मी पण म्हणते."